करहकटचे दान

कऱ्हाडला भूगोलाच्या व्याख्येने द्वीपकल्प म्हणता येणार नाही. तथापि एका अंगाला कृष्णा व दुसऱ्या अंगाला कोयना असलेले हे नगर पाण्याने वेढल्यासारखेच वसले आहे. दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. कोयना हेळवाकपाशी पूर्वेस वळते व येथे कृष्णेस मिळते. गाळाच्या काळ्या जमिनीत आज ऊस दिसतो. पूर्वी हा मुलूख प्रामुख्याने ज्वारीचा.

मध्य प्रदेशातील भरहुत येथील स्तूपावर ‘करहकट’ निगमाच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. निगम म्हणजे व्यापारी नगर. दान कोणा राजाचे नव्हे, नगराचे, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. नर्मदेपलीकडे दान धाडणाऱ्या नगरापाशी शिल्लक होती, आणि ती या काळ्या मातीतूनच आली असली पाहिजे. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे तर करहाकडच्या महिक नामक लोहवाणियाने लेणे दिले. लोखंडाचा हा व्यापारी कुंभार्ली घाटाने कोकणात उतरला असावा, असा आमचा तर्क आहे. लेख मार्ग सांगत नाही.

कोयनेपलीकडे जखिणवाडीजवळील आगाशिव डोंगरात पन्नासहून अधिक बौद्ध लेणी आहेत. डोंगराचे नाव माथ्यावरील शिवमंदिरावरून पडले. लेण्यांतील चैत्य मात्र स्वतःची ओळख सांगतात. तेथील एका लेखात गोपालपुत्र संघमित्राचा ‘देयधम्म’ नोंदलेला आहे. त्याच्या नावापुढे कोणतीही पदवी नाही.