नगर जिल्ह्यातील दारूबंदी: भट्टी, मतपेटी आणि मोबाईल

पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे 1975 च्या सुमारास दुष्काळाने पिचलेले गाव होते. शेती कोरडवाहू आणि पाऊस बेभरवशाचा, म्हणून अनेक घरांनी हातभट्टीचा धंदा धरला होता. गावात तीसहून अधिक भट्ट्या होत्या, असे सांगितले जाते. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 पासून अस्तित्वात होता. पुढे बंदी सैल झाली, तरी परवान्यावाचून दारू गाळणे गुन्हाच राहिला. पण ज्या गावात भट्टीवरच चूल पेटत होती, तिथे हा कायदा कागदावरच राहिला.

1975 मध्ये लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले. त्यांनी आधी यादवबाबांचे पडके मंदिर स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून उभे केले. याच मंदिरात गावकरी जमले आणि भट्ट्या बंद करण्याचे ठरले. देवळात दिलेला शब्द मोडणे सोपे नव्हते; बहुतेकांनी आपणहून भट्ट्या विझवल्या, उरलेल्या तरुण मंडळाने बंद पाडल्या. पुढे तंबाखू आणि विड्यांच्या विक्रीवरही बंदी आली; होळीत त्यांचे साठे जाळले गेले. मात्र निर्णय टिकला तो केवळ शपथेमुळे नव्हे. श्रमदानातून नालाबांध आणि पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले. गाळणाऱ्याला दुसरी भाकरी मिळाली, हे दारूबंदीच्या कथांत अनेकदा मागे पडते.

या इतिहासाला एक कठोर बाजूही आहे. समज देऊनही पिणाऱ्याला खांबाला बांधून मारले जाई. कटू औषध देणाऱ्या आईचा दाखला देऊन अण्णांनी त्याचे समर्थन केले. त्या धाकाने गावातली दारू हटली, हे खरे. पण व्यसन हा आजार आहे, आणि आजाऱ्याला फटके मारणे हा उपचार नव्हे.

1989 मध्ये नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे सरपंच झालेल्या पोपटराव पवार यांनी राळेगणच्या नशाबंदीची वाट धरली. तिथे नशाबंदीला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाणलोट कामांची जोड मिळाली.

यानंतर निर्णयाची सूत्रे स्त्रियांच्या हाती आली. पिणाऱ्याचा मार आणि रिकामे डबे त्यांच्याच वाट्याला येत होते. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार, महिलांच्या मागणीवरून परवानाधारक दुकानासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. आडव्या बाटलीला गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली, तर दुकान बंद होते. पडलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, त्यामुळे ऊसतोडीला गेलेली किंवा घरच्यांनी अडवलेली स्त्री नकळत दुकानाच्या बाजूने मोजली जाते. ही अट अन्यायाची आहे.

अण्णांच्या मागणीवरून 2016 मध्ये अवैध दारूवर पहारा ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलांची तरतूद दारूबंदी कायद्यात आली. पाठोपाठ फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने बळी घेतले. तपासाचा माग थेट नगर शहरात पोचला. गावाबाहेर तयार होणारा माल गावाच्या पहाऱ्याने थांबत नाही, हे तेव्हा दिसले.

पिणाऱ्या माणसाला सोडवण्याचे काम मात्र वेगळ्या ठिकाणी वाढले. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे दांपत्याची देणगी होती. गोव्यात ‘संगात’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर चाचणी घेतली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या मोजक्या बैठकांनीही पिणे आटोक्यात येऊ शकते, असे तिच्यातून दिसले. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यापुढचे पाऊल म्हणून गोव्यातच मोबाईलवरील संदेशांचा मार्ग अजमावला गेला. असा संदेश पिणे मोजायला सांगतो, जोखमीच्या वेळेची आठवण करून देतो, आणि तो थेट त्या माणसाच्या मोबाईलवर येतो. चारचौघांत नाव निघेल म्हणून दवाखान्याची पायरी न चढणाऱ्याला एवढा आडोसा मोलाचा असतो. नगर जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांनी आणि ग्रामसभांनी दारूबंदीच्या ठरावाला या कामाची जोड द्यावी.