नकाशावरचा ठिपका

शाळेत भूगोल शिकवताना हिंदी महासागरातला दिएगो गार्सियाचा ठिपका मी 'अमेरिकेचा लष्करी तळ' एवढं सांगून पुढे जात असे. तिथे माणसं राहत होती, हे मलाच ठाऊक नव्हतं! १९६६ मध्ये ब्रिटनने ते बेट अमेरिकेला वापरायला दिलं. बदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत १ कोटी ४० लाख डॉलरची गुपचूप सूट. नारळाच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या राबलेले तिथले चागोसवासी कागदोपत्री 'कंत्राटी मजूर' ठरले आणि १९७३ पर्यंत मॉरिशस-सेशेल्सला नेऊन सोडले गेले. त्यांची पाळलेली कुत्रीसुद्धा कोंडून, गाड्यांचा धूर सोडून मारली. याच बेटावरून २००१ मध्ये बॉम्बफेकी विमानं अफगाणिस्तानवर गेली. मे २०२५ च्या ब्रिटन-मॉरिशस करारात तळासाठी ९९ वर्षांची तरतूद आहे. चागोसवासीयांनी दिएगो गार्सियावर परतण्याची मात्र नाही.