नाक बसवणारा कुंभार आणि गाल ओढणारा धागा

दौंडजवळ भीमेच्या आणि शिरूरजवळ घोडनदीच्या काठाने फिरले की वीटभट्ट्या लागतात. वीट पाडणाऱ्याला माती किती मळायची, साचा कधी उचलायचा आणि किती दिवस वाळू द्यायचे याचा अंदाज हातानेच येतो. अशाच एका वीट पाडणाऱ्या कुंभाराने १७९३ साली पुण्याजवळ एका चेहऱ्यावर केलेले काम आज प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हटकून सांगितले जाते. ते करणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, ज्याच्यावर केले त्याचे मात्र ठेवले. 'कावसजी' हे नाव पारशी वाटते, पण लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेले पत्र त्याला शेतकरी मराठा म्हणते. इंग्रजांच्या फौजेबरोबर तो बैल हाकायचा. टिपूशी चाललेल्या युद्धात तो पकडला गेला आणि टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर बिननाकाचा राहून तो पुण्याजवळच्या त्या कारागिराकडे गेला.

कारागिराची रीत पत्रात तपशीलवार दिली आहे. नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतले कातडे सोडवायचे, पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच राखायची, म्हणजे रक्त चालू राहते. थोटकाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या, कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणायचे आणि त्याच्या कडा थोटकाभोवती पाडलेल्या चिरेत बसवायच्या. मग पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. चार दिवस एवढाच आधार, नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, आणि ती राखलेली पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची. या सगळ्या वर्णनात टाक्याचा उल्लेख कुठेच नाही. काथ आणि तूप यांनी सांधा धरून ठेवला एवढेच. नाक तगले ते कपाळावरून येणाऱ्या रक्तावर, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत त्याने नव्या जागी मूळ धरले म्हणून.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती कावसजीच्या चित्राची तारीख. जेम्स वेल्स हा चित्रकार पेशव्यांच्या दरबाराशी संबंधित होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्यानेच काढली. त्याने कावसजीचे चित्र काढले ते जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे नाक बसवल्यावर दहा महिन्यांनी. पत्रलेखकही, नाक घट्ट आहे, खऱ्यासारखेच दिसते आणि काही काळाने कपाळावरचा वणही फारसा दिसत नाही, असे लिहितो. म्हणजे या छापील वृत्तान्तातच चेहऱ्याचा निकाल वेळ जाऊ देऊन लावला होता. यावर कोणी म्हणेल, एका यशस्वी माणसाचे चित्र हा कसला पुरावा? ज्यांची नाके सडली त्यांची चित्रे कोणी काढली? हे खरेच आहे. पण पुण्याचा माजी रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने पुढे लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनला सांगितले ते याच हिशेबाचे होते: हे काम हमखास जमते असे नाही, पण बहुधा जमते. कार्प्यूने १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक काढले. सगळे सुश्रुतातच होते म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की सुश्रुताची कातडी गालावरची आहे. कपाळाची युक्ती मागाहूनच्या कारागिरांची.

वेळेची हीच कसोटी घेऊन आता गालाकडे येऊ. उतरलेला गाल वर ओढायला काटेरी धागा वापरण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस रशियात सुलामानिद्झे या डॉक्टरांनी रूढ केली. बोराटीच्या फांदीसारखे बारीक काटे असलेला हा धागा सुईने कातडीखाली घालतात आणि ओढतात. कापाकापी नाही, तासाभराचे काम. आज पुण्यात हे सर्रास होते, आणि शिरूरच्या एसटी स्टँडवरून किंवा दौंडच्या स्टेशनातून पुणे दोनेक तासांवर आहे. आरसा संध्याकाळीच गाल वर दाखवतो, आणि जाहिरातीतला फोटो बहुधा त्याच दिवसांतला असतो. पुढचे काय? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ३३ रुग्णांचे फोटो सरासरी एकवीस महिन्यांनी तपासले. तपासणाऱ्या सर्जनांना कोणावर काय केले ते सांगितलेले नव्हते. निष्कर्ष असा निघाला की फायदा थोडा आणि थोड्याच काळाचा, आणि तोही बराचसा सुजेचा. २०१९ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी १६० रुग्णांचा हिशेब मांडला: वर्षभराने सुधारणा उरली नव्हती, आणि सुमारे एक तृतीयांश जणांना धागा वर येणे, खळगा पडणे, जंतुसंसर्ग असा काही ना काही त्रास झाला होता. याचे कारण कुंभाराला सांगावे लागणार नाही. चाकावरचे मडके तो दोऱ्यानेच कापून सोडवतो. मऊ गोळ्यात ताणलेला दोरा हळूहळू मातीत शिरतो, गालातही तसेच होते. आणि हल्लीचे काही विरघळणारे धागे तर सहा-आठ महिन्यांत स्वतःच संपतात.

यावर आक्षेप आहेत, आणि सगळे पोकळ नाहीत. नाक कापलेल्या माणसाची गरज आणि पन्नाशीतल्या बाईची हौस एकाच तराजूत कशी तोलायची? मला हा भेद तितका पक्का वाटत नाही. कावसजीलाही श्वास घेता येत होता. चारचौघांत तोंड दाखवता येत नव्हते. दुसरा मुद्दा असा की धाग्याभोवती नवे कोलॅजन तयार होते, त्याने कातडी सुधारते. कोलॅजन होते हे मान्य. पण वर्षभरानंतरच्या फोटोंत ते गाल उचलून धरताना दिसले नाही. तिसरा मुद्दा सर्वांत प्रामाणिक आहे: कोणाला मुलाच्या लग्नापुरताच गाल वर हवा असेल तर? मग हरकत नाही. मेंदीही पंधरा दिवसांत जातेच, पण मेंदीवाली ती वर्षानुवर्षे टिकेल असे सांगत नाही आणि तसे पैसेही घेत नाही.

तेव्हा धागा घालायला जाणार असाल, तर डॉक्टरांकडे एकच गोष्ट मागा: त्यांच्याच रुग्णाचा, त्याच उजेडात, त्याच बाजूने काढलेला, वर्षानंतरचा तारीख घातलेला फोटो.