बाटलीवरचं लेबल : एक्स्टसीच्या संशोधनातला एक अध्याय

आज आपण एका गोळीचा इतिहास बघणार आहोत. एमडीएमए, म्हणजे रस्त्यावरच्या भाषेत एक्स्टसी. जर्मनीतल्या मर्क कंपनीने 1912 च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तिच्या पेटंटचा अर्ज केला. भूक मारण्यासाठी ती बनवली, असं आपण सर्रास वाचतो. ती दंतकथा आहे. रक्तस्राव थांबवणारं औषध शोधताना सापडलेली ती एक मधली पायरी होती, बस्स. पुढे पन्नासेक वर्षं कुणी तिच्याकडे फारसं वळूनही पाहिलं नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेतले काही मानसोपचारक ती वापरू लागले, मग ती नाचघरांत शिरली, आणि 1 जुलै 1985 ला तिथे तिच्यावर तातडीची बंदी आली. नंतर इबिझा, मँचेस्टर, आणि हो, आपल्या गोव्याचे किनारेही.

आता शरीराचं काय होतं ते बघू. मेंदूतल्या पेशी साठवलेलं सेरोटोनिन एकदम ओततात. अंगाचं तापमान चढतं; त्यात बंद हॉल, गर्दी आणि तासन्‌तास नाच. उष्माघाताने माणसं गेली आहेत. म्हणून 'पाणी प्या' असं सांगितलं जाई. पण हीच गोळी लघवी रोखणारं संप्रेरकही वाढवते. 1995 मध्ये इंग्लंडातल्या एसेक्समध्ये अठरा वर्षांची एक मुलगी दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्यायली. रक्तातलं सोडियम घसरलं, मेंदूला सूज आली आणि ती गेली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, एका गोळीने बळी घेतला. पाण्याची गोष्ट मागेच राहिली. आणि खरं तर पुढच्या पोरांचा जीव वाचवणारी माहिती तीच होती.

पण आपला मुख्य मुद्दा आहे मेंदूचा. सप्टेंबर 2002 मध्ये 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉर्ज रिकॉर्ट यांच्या गटाचा निबंध आला. दहा प्राणी : काही स्क्विरल मंकी जातीची माकडं, काही बबून. दर किलो वजनाला 2 मिलिग्रॅम, तीन-तीन तासांनी तीनदा. निष्कर्ष असा, की एका रात्रीच्या मौजेएवढ्या मात्रेने डोपामिनच्या पेशींची मोठी हानी होते, पुढे पार्किन्सन्सचाही धोका संभवतो. खळबळ उडाली. अमेरिकी काँग्रेसपुढे तेव्हा रेव्ह पार्ट्यांविरुद्धचं विधेयक होतं; एप्रिल 2003 मध्ये तो कायदा झाला.

काही जाणकारांनी मात्र साधं गणित मांडलं. दहापैकी दोन प्राणी दगावले होते. एका रात्रीच्या मात्रेने पाचातला एक मरत असेल, तर दर शनिवारी शवागारं भरायला हवी होती. ती का भरत नव्हती?

रिकॉर्ट यांच्या गटालाही पुढे तोच परिणाम पुन्हा मिळेना. शोधता शोधता ते बाटल्यांपर्यंत पोचले. एक सोडून बाकी सगळ्या प्राण्यांना दिलेलं औषध एमडीएमए नव्हतंच. ते होतं मेथॅम्फेटामिन. लेबलांची अदलाबदल झाली होती! सप्टेंबर 2003 मध्ये त्यांनी स्वतःच निबंध मागे घेतला. कायदा अर्थातच जागेवर राहिला.

मग गोळी निरुपद्रवी ठरली का? बऱ्याच पोरांनी तसंच धरलं, आणि आमच्या मते या प्रकरणाचं खरं नुकसान तेच. स्मृतीचा प्रश्न वेगळाच होता आणि तो सुटलेला नव्हता. अडचण अशी की गोळी घेणारे गांजा, दारू, जागरणं हेही करतात. दोष कुणाला द्यायचा? अमेरिकेत हॅल्पर्न यांच्या गटाने 2011 मध्ये इतर नशा जवळजवळ न करणारे 52 जण शोधले, न घेणाऱ्या 59 जणांशी ताडून पाहिले. फरक फारसा दिसला नाही. उलट नेदरलँड्समध्ये एक्स्टसी कधीच न घेतलेले तरुण आधी तपासून ठेवले आणि वाट पाहिली. त्यातल्या 58 जणांनी पुढे गोळी घेतली, सरासरी तीनच्या आसपास. 2007 मधला तो निबंध सांगतो, की ऐकलेले शब्द आठवण्याच्या चाचणीत न घेणारे दुसऱ्या वेळी सुधारले. घेणारे तेवढे सुधारले नाहीत. त्यांचे गुण अजूनही सामान्य मर्यादेतच होते.