कॅमेरा घेऊन पडणारा माणूस : कार्ल बेनिश

थ्रेड

१/ मुक्तपतनाचे कोणतेही छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. निळ्या पोकळीत हातपाय पसरलेला माणूस तरंगताना दिसतो. खाली शेतांचे चौकोन, नदीची रेघ. आपण त्याच्या धाडसाकडे पाहत राहतो आणि एक साधी गोष्ट विसरतो. हे दृश्य टिपणारा माणूसही त्याच क्षणी, त्याच वेगाने, त्याच्या समोर खाली पडत होता. चित्रात तो नसतो. असाच एक न दिसणारा माणूस म्हणजे अमेरिकेचे कार्ल बेनिश. त्यांच्या कॅमेऱ्याने एका नव्या क्रीडाप्रकाराला जन्म दिला, आणि त्याच क्रीडाप्रकाराने त्यांचा जीव घेतला.

२/ त्यांच्याकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका. १९३१ साली बर्लिनमध्ये विली रूगे या वृत्तछायाचित्रकाराने विमानातून पॅराशूटने उडी मारली आणि उतरता उतरता स्वतःचीच छायाचित्रे घेतली. स्वतःचा चेहरा, आणि हवेत लोंबणाऱ्या स्वतःच्या पायांखालची घरे! ही चित्रमालिका त्या वेळच्या सचित्र साप्ताहिकांत गाजली. आजच्या सेल्फीची ही पणजी म्हणायला हरकत नाही. मात्र यात छायाचित्रकार एकटा होता. तो दुसऱ्या कोणाला टिपत नव्हता.

३/ दुसरा टप्पा १६ ऑगस्ट १९६० चा. अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंगर यांनी सुमारे ३१.३ किलोमीटर उंचीवरच्या फुग्यातून उडी घेतली. पायांखाली ढग, वर काळे आकाश आणि मधोमध निघून जाणारी एक पाठमोरी आकृती, हे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. ते टिपले फुग्याच्या पाळण्यात बसवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने. म्हणजे माणूस गेला आणि कॅमेरा वरच राहिला. जाणाऱ्याला त्याने निरोप दिला, सोबत मात्र केली नाही.

४/ सोबत करायची तर कॅमेऱ्यालाही पडावे लागते. येथे भौतिकशास्त्र आपल्या मदतीला येते. पोटावर आडवा पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी साधारण १९० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. मग हवेचा अडथळा आणि वजन यांची बरोबरी होऊन वेग स्थिर राहतो. दोघे एकाच वेगाने पडत असतील, तर एकमेकांच्या दृष्टीने दोघेही स्थिर. शेजारच्या रुळावरून समान वेगाने धावणारी लोकल जशी थांबल्यासारखी भासते, तसेच हे. जमिनीवरून जे पडणे दिसते, ते शेजारून उडणे दिसते. हवाई छायाचित्रकाराची सारी कला या एका सत्यावर उभी आहे.

५/ कार्ल बेनिश यांचा जन्म १९४१ चा. शिक्षणाने ते विद्युत अभियंता; ह्यूजेस या विमाननिर्मिती क्षेत्रातल्या कंपनीत नोकरीला. स्कायडायव्हिंगचा नाद लागला, त्यापाठोपाठ कॅमेऱ्याचा. पुढे नोकरी सोडून त्यांनी मुक्तपतनाचे चित्रीकरण हेच जीवितकार्य केले. अभियंत्याची शिस्त आणि लहान मुलाचे कुतूहल, असा त्यांचा पिंड होता.

६/ आज अंगठ्याएवढा कॅमेरा हेल्मेटला चिकटवता येतो. १९६० च्या दशकात परिस्थिती वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांवर बसवलेले १६ मिलिमीटर फिल्मचे कॅमेरे युद्धानंतर बाजारात आले होते. अशी यंत्रे घरच्या घरी जुळवून हेल्मेटवर बसवली जात. पडताना हातपाय तोल सांभाळण्यात गुंतलेले, म्हणून डोके वळेल तिकडे कॅमेरा वळणार. नेम धरण्यासाठी डोळ्यासमोर एक छोटी कडी. छायाचित्रकाराच्या पोशाखाला बगलेत कापडी पंख, म्हणजे समोरचा हळू पडू लागला तर आपल्यालाही वेग कमी करता यावा.

७/ फिल्मचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी मावतात. ५० फुटांच्या फिल्मवर २,००० चौकटी. सेकंदाला २४ या गतीने ती ८३ सेकंदांत संपते. साधारण १२ हजार फुटांवरून उडी घेतली, तर मुक्तपतन मिनिटभराचे. म्हणजे एका उडीला एक फिल्म, आणि चुकले तर पुन्हा विमान, पुन्हा उंची, पुन्हा उडी. काय हाती लागले हे फिल्म धुऊन आल्यावरच कळायचे.

८/ धोका दुहेरी होता. पॅराशूट उघडताना बसणाऱ्या हिसक्यात डोक्यावरचे ते सारे वजन मानेवर येई. त्याहून मोठा धोका लक्षाचा. उडी मारणारा स्वतःकडे पाहतो, छायाचित्रकार दुसऱ्याकडे. १९८८ साली नॉर्थ कॅरोलायनात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक छायाचित्रकार चित्रीकरणाचे साहित्य घेऊन विमानातून बाहेर पडला. पाठीवर पॅराशूट नाही, हे त्याला पडू लागल्यावर उमगले. शेवटपर्यंत चालू राहिलेल्या त्या कॅमेऱ्याची आठवण या व्यवसायात आजही धडा म्हणून सांगितली जाते.

९/ बेनिश यांना मोठा पडदा मिळाला तो १९६९ च्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटात. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर, नायक बर्ट लँकेस्टर, विषय गावोगावी उड्यांचे खेळ करणाऱ्या स्कायडायव्हर्सचा. त्यातील मुक्तपतनाच्या चित्रीकरणात बेनिश यांचा मोठा वाटा होता. चित्रपटगृहात खुर्चीवर बसलेल्या माणसाला आकाशात पडण्याची अनुभूती मिळाली. पुढे बेनिश यांनी स्वतःचे लघुपटही काढले. त्यांत भयापेक्षा आनंद अधिक दिसतो.

१०/ आता आकाशाकडून कड्याकडे वळू. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा सुळका आहे. जुलै १९६६ मध्ये मायकेल पेल्की आणि ब्रायन शूबर्ट या दोघांनी त्याच्या माथ्यावरून पॅराशूटसह उडी घेतली. दोघांचीही हाडे मोडली, पण दोघेही वाचले. बातमी झाली, चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मराठी माणसाला कडा म्हटले की रायगडाचे टकमक टोक आणि कडेलोटाची शिक्षा आठवते. इथे कोणी आपण होऊन कड्यावरून झेपावत होते, आणि लोकांनी तो वेडेपणा मानून सोडून दिला.

११/ कड्यावरून उडी विमानापेक्षा अवघड का? विमानातून बाहेर पडताना शरीराला विमानाचा वेग आधीच मिळालेला असतो; वारा अंगाला लागतो आणि त्यावर तोल सावरता येतो. कड्यावर आरंभीचा वेग शून्य. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हाताखाली टेकू द्यायला हवाच नसते. तोल गेला तर गेला. त्यात १९६६ चे पॅराशूट गोल घुमटाचे. ते वाऱ्याबरोबर वाहत जाई आणि परत कड्यावर आपटवू शके.

१२/ १९६० च्या दशकातच डोमिना जॅलबर्ट यांनी कप्प्याकप्प्यांचे, हवा भरून पंखासारखे होणारे पॅराशूट शोधले. १९७० च्या दशकात ते स्कायडायव्हर्सच्या पाठीवर आले. आता पॅराशूट दिशा देऊन उडवता येत होते, कड्यापासून दूर नेता येत होते. अभियंता बेनिश यांना ही संधी दिसली. ज्या प्रश्नाने १९६६ च्या उडीचा घात केला, त्याचे उत्तर आता उपलब्ध होते.

१३/ १८ ऑगस्ट १९७८. बेनिश यांनी आखलेल्या मोहिमेत चार स्कायडायव्हर एल कॅपिटनच्या माथ्यावर पोहोचले. एकेक करून चौघांनी झेप घेतली आणि सुखरूप उतरले. बेनिश यांचे काम चित्रीकरणाचे होते. त्या काळच्या फिल्ममध्ये दगडाची धार पायांखालून निसटते, भिंत आधी सावकाश आणि मग सुसाट वर सरकू लागते, आणि पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते येथे. १९६६ ची उडी आधीची होती, धाडस तेवढेच होते. तरी तिच्यामागे परंपरा उभी राहिली नाही. १९७८ च्या उडीमागे राहिली. पॅराशूट सुधारले हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे फिल्म. ती पाहिलेल्या स्कायडायव्हरला दोन गोष्टी कळत : हे शक्य आहे, आणि हे असे करतात. वार्तेने कुतूहल वाढवले होते. चित्राने आमंत्रण दिले.

१५/ आमंत्रण स्वीकारणारे आले. १९८० च्या उन्हाळ्यात उद्यान प्रशासनाने काही आठवडे परवाने देऊन पाहिले, पण नियम मोडले जात असल्याचे सांगून प्रयोग थांबवला. बेनिश यांनी या बंदीला विरोध केला. निसर्गाला ओरखडा न काढता जाणाऱ्याला का अडवावे, हा त्यांचा मुद्दा. जखमींना कड्यावरून काढायचे कोणी, हा प्रशासनाचा. दोन्ही प्रश्न खरे होते आणि ते आजही सुटलेले नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत विनापरवाना अशी उडी मारणे आजही गुन्हा आहे.

१६/ या खेळाला नावही बेनिश यांच्या वर्तुळातूनच मिळाले. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल, आणि अर्थ म्हणजे कडा, या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘बेस’. चारही ठिकाणांवरून उडी पुरी करणाऱ्याला अनुक्रमांक मिळे. जानेवारी १९८१ मध्ये पहिले दोन क्रमांक फिल स्मिथ आणि फिल मेफील्ड यांना मिळाले. तिसरा क्रमांक जीन बेनिश यांचा, म्हणजे कार्ल यांच्या पत्नीचा. ज्यांना या खेळाचे जनक म्हटले जाते, ते स्वतः चौथे.

१७/ ५ जुलै १९८४, नॉर्वे. ट्रोलवेगेन ही युरोपातील सर्वात उंच उभी खडकभिंत. गिनीज विक्रमांवरील दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी कार्ल आणि जीन या दोघांनी तेथून एकत्र उडी घेतली आणि सर्वात उंच बेस उडीचा विक्रम केला. या वेळी कॅमेरे दुसऱ्यांचे होते आणि आयुष्यभर भिंगामागे राहिलेला माणूस चौकटीत होता.

१८/ दोनच दिवसांनी, ७ जुलैला, कार्ल त्याच डोंगररांगेतील स्टाबेन या दुसऱ्या सुळक्यावरून उडाले. भिंत पुढे आलेली, खाली मोकळी जागा पुरेशी नाही. ते कड्यावर आदळले आणि मरण पावले. वय ४३.

१९/ त्यानंतर जे घडले ते अनेकांना आजही उमगत नाही. काही दिवसांतच जीन पुन्हा त्या डोंगरावर गेल्या आणि त्यांनी उडी घेतली. हा खेळ वेडेपणाचा नव्हता, आपल्या नवऱ्याने आयुष्य वाया घालवले नाही, हे सांगण्याचा त्यांचा तो मार्ग होता. नॉर्वेने मात्र १९८६ मध्ये ट्रोलवेगेनवरील उड्यांवर बंदी घातली. त्या भिंतीवर अडकलेल्याला सोडवायला जाणाऱ्यांचा जीवही धोक्यात येत होता. आणि १९६६ चे ब्रायन शूबर्ट? चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातील २६७ मीटर उंचीच्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलावरून उडी घेताना ते गेले.

२०/ मग बेनिश यांच्या फिल्मकडे कसे पाहायचे? तिने शेकडो लोकांना विलक्षण आनंद दिला, आणि काहींना मृत्यूपर्यंतही नेले. छायाचित्र उडीचे सौंदर्य दाखवते. कित्येक दिवसांची मोजमापे, वाऱ्याचा अंदाज, रद्द केलेल्या उड्या ते दाखवत नाही. बेनिश यांना हे ठाऊक होते. बेस उडीविषयीचे नियतकालिक त्यांनी आणि जीन यांनी चालवले, ज्ञान लिहून ठेवले. तरीही लेखापेक्षा चित्र लांब पोहोचते आणि मागे राहिलेला मजकूर वाचायला सगळेच थांबत नाहीत. आपल्या मोबाइलवरच्या प्रत्येक धाडसी रीलला हाच प्रश्न लागू पडतो.

२१/ २०१४ साली मारा स्ट्रॉच यांनी ‘सनशाइन सुपरमॅन’ हा माहितीपट केला. त्याचा कणा म्हणजे बेनिश यांनीच चित्रित केलेली १६ मिलिमीटरची फिल्म. दुसऱ्यांच्या उड्या जपून ठेवणाऱ्या माणसाचे चरित्र त्याच्याच रिळांतून उभे राहिले.

२२/ फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून आकाशातून उडी घेतली, ती दृश्ये तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पुन्हा पाहाल तेव्हा एक प्रश्न विचारा : कॅमेरा कुठे आहे? विमानात, जमिनीवर, उडी घेणाऱ्याच्या अंगावर, की शेजारी पडणाऱ्या कोणाच्या डोक्यावर? इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्र वाचण्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते. उत्तर मिळाले की चौकटीबाहेरचा तो दुसरा माणूसही दिसू लागतो.

थ्रेड समाप्त.