दहा गुंठ्यांतला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि सनावळ्या उभ्या राहतात. फुलालाही इतिहास असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. सकाळी उमलले, संध्याकाळी निर्माल्य झाले, एवढाच त्याचा पसारा! माझीही समजूत पुष्कळ वर्षे अशीच होती, आणि मी तर पोटासाठी शाळेत इतिहासच शिकवीत होतो. ती समजूत कोणा ग्रंथाने मोडली नाही. झेंडूच्या अठरा गोण्यांनी मोडली.

कन्नड गावाबाहेर, शिवना नदीच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. सभोवार मका, कापूस आणि अद्रक. विहिरीलगतच्या दहा गुंठ्यांत मात्र माझी आत्या फुले लावीत असे. एक वाफा झेंडूचा, एक शेवंतीचा, निशिगंधाच्या दोन ओळी आणि बांधावर देशी गुलाब. एकरात चाळीस गुंठे असतात. तेव्हा हा तुकडा म्हणजे पाव एकर, शेतकऱ्याच्या लेखी चिंधीच. पण त्या चिंधीची गिऱ्हाइके ठरलेली होती. देवळाचा गुरव, बसथांब्याजवळ हार ओवून विकणारी बाई, गावातली लग्नघरे, खुलदाबादच्या दर्ग्यावर फुलांची चादर नेणारी कुटुंबे, आणि झेंडावंदनाच्या दिवशी आमची शाळा.

निवृत्त झाल्यावर मळा माझ्या हाती आला आणि माझ्यातला शहाणा मनुष्य जागा झाला. दसऱ्याला झेंडू सोन्याच्या भावाने जातो, मग इतर लुडबूड हवी कशाला? जुलैमध्ये सगळ्या दहा गुंठ्यांत आणि शेजारच्या अर्ध्या एकरात झेंडूची रोपे लावली. महिन्याने शेंडे खुडले, तशी झाडे फुटली, पसरली, आणि ऐन नवरात्रात रान पिवळेजर्द झाले. टेम्पो करून माल दूरच्या शहरातल्या बाजारात नेला. पाहतो तो काय, माझेच गणित शेकडो शेतकऱ्यांनी मांडलेले! दुपारपर्यंत भाव इतका कोसळला की टेम्पोचे भाडेही सुटेना. अठरा गोण्या तिथेच रस्त्याकडेला ओतून मी रिकामा परतलो.

आत्या ओसरीवर बसली होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सगळी फुलं एकाच दारात नेलीस रे बाळा. त्या दारानं कडी लावली, मग जाशील कुठं?"

त्या रात्री मला झोप आली नाही. जन्मभर मुलांना राज्यांचे उदयास्त शिकवले. पण राज्य बुडाले म्हणजे त्याच्या दारी फुले नेणाऱ्याचे काय होत असेल, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. मग जुने वाचलेले आणि पाहिलेले पुन्हा नव्या नजरेने धुंडाळू लागलो.

आमच्याच तालुक्यात, डोंगराच्या कुशीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी कोरावयास घेतलेली. तेथील एका खांबावर ब्राह्मी लिपीत लिहिले आहे की, हा स्तंभ प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, गंधिक कुळातील मितदेवाचे दान आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आता, गंधाचा व्यापार फुले, मुळ्या आणि साली यांवाचून चालत नाही. म्हणजे कोणीतरी ती पिकवीत असले पाहिजे, रानोमाळ हिंडून वेचीत असले पाहिजे. व्यापाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर राहिले; वेचणाऱ्याचे एकही नाव राहिले नाही.

त्या काळी कोणी दसऱ्याचे तोरण बांधलेच असते, तर त्यात झेंडू खचित नसता. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो इकडे आला असे मानतात. निशिगंधही तिकडचाच, आणि शेवंती व अ‍ॅस्टर चीनमधले. ज्यांच्याशिवाय आपले सण सुने वाटतात, ती सारी पाहुणेमंडळी! गमतीची गोष्ट अशी की, आपल्याकडे दिवाळीची धामधूम असते त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला, मेक्सिकोतली माणसे आपल्या मृत आप्तांच्या स्मरणार्थ झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आपण लक्ष्मीसाठी दाराला बांधतो, ते पितरांसाठी उंबऱ्यात पसरतात. घरी कोणीतरी यावे, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच.

पण माझ्या प्रश्नाचे उत्तर मला पुण्यात सापडले, आणि तेही एका थोर आडनावात. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुण्यात येऊन हे घराणे पेशव्यांच्या दरबाराला फुले, हार, गजरे पुरवू लागले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. दरबाराने त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम दिली, असे चरित्रकार सांगतात. १८१८ मध्ये पेशवाई संपली. ज्या दारी रोज टोपल्या जात, ते दारच नाहीसे झाले! पण घराणे बुडाले नाही. १८२७ साली जोतीराव जन्मले तेव्हा वडील गोविंदराव शहरातल्या सामान्य माणसांना फुले आणि भाजी विकीत होते. एका मोठ्या दाराच्या जागी शंभर लहान दारे आली होती. आत्याने हे चरित्र वाचले नव्हते, पण त्यातले मर्म तिला ठाऊक होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदारांत गुरव होता आणि अलुतेदारांच्या याद्यांत माळ्याचे नाव येते. गावाने धान्य द्यावे, त्याने फुले द्यावी. हा बंध पिढ्यान्‌पिढ्या टिकला, म्हणून कोणी त्याचे गोडवे गाऊ लागेल. परंतु त्यात जन्माने नेमलेले काम होते, मर्जी नव्हती, आणि नकार देण्याची सोय तर मुळीच नव्हती. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या जोतीरावांनी आयुष्यभर झगडा मांडला, तो अशाच जन्मसिद्ध उतरंडीशी. आम्हाला संबंध हवा आहे, बेडी नको.

मर्जीचा संबंध कसा असतो? हॉलंडमधल्या आल्समेर गावच्या बागाइतदारांनी १९११ साली एकत्र येऊन फुलांचा स्वतःचा लिलाव उभा केला, विक्रीची दोरी आपल्या हाती राहावी म्हणून. पुढे ते जगातले फुलांचे मोठे पेठस्थान झाले. आम्ही आल्समेर होऊ असे मी म्हणत नाही; परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलून लागवड ठरवावी, एवढे तर आम्हालाही जमते.

त्या दसऱ्यानंतर मी तसेच केले. आम्ही पाच घरे आषाढात एकत्र बसतो. कोणी झेंडू किती आणि कोणत्या आठवड्यात लावायचा, ते ठरते, म्हणजे सगळ्यांचे रान एकाच दिवशी फुलत नाही. शेवंती रात्री मोठ्या होऊ लागल्यावर कळ्या धरते, म्हणून हिवाळा तिचा. निशिगंधाचे कंद एकदा लावले की दोन-तीन वर्षे दांडे देतात; खालच्या कळ्या उमलू लागताच पहाटे दांडा कापून लगेच पाण्यात ठेवावा लागतो. झेंडूचे बेवड टोमॅटो-मिरचीला चांगले, कारण त्याच्या मुळांनी जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात. उरलेले फूल रस्त्यावर जात नाही, खतात जाते. श्रीमंती आली नाही. पण पाऊस रुसला त्या एका वर्षी विहीर आटू लागली, तेव्हा हार ओवणाऱ्या बाईने आगाऊ पैसे आणून ठेवले आणि म्हणाली, "निशिगंध तेवढा जगवा, मास्तर." दूरच्या बाजाराने मला असे कधी म्हटले नव्हते.

आत्या जाऊन आता काही वर्षे झाली. तिच्या पेटीत एक जुनी वही सापडली. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताचे वाकडेतिकडे अक्षर. कोणाच्या घरी किती फुले गेली, कोणाचे किती येणे आहे, कोणाच्या मयताला हार फुकट दिला. मागच्या पानांवर निराळी यादी होती, खुरपणीला आणि तोडणीला येणाऱ्या बायकांची. प्रत्येकीचे नाव, तिच्या पहिल्या दिवसाच्या तारखेसह.

मी ती यादी वाचीत कितीतरी वेळ बसलो. पितळखोऱ्याच्या खांबावर जे लिहायचे राहून गेले होते, ते आत्याने लिहून ठेवले होते. आता वही मी चालवतो. यंदाच्या वसुबारसेला तोडणीला एक नवी मुलगी आली. संध्याकाळी दिवा लावल्यावर मी आधी तिचे नाव लिहिले आणि मग फुलांचा हिशेब.