दिनविशेष : २८ जानेवारी
फेरेन्स बेर्को यांचा जन्म (१९१६)

तेव्हाच्या हंगेरीतील नॉज्वाराद शहरात आजच्या दिवशी छायाचित्रकार फेरेन्स बेर्को यांचा जन्म झाला. १९३८मध्ये ते मुंबईत आले. इथली साधी माणसे त्यांनी कॅमेऱ्यात टिपली. १९४७मध्ये ते शिकागोला हंगेरियन कलावंत मोहोय-नॉज यांनी स्थापलेल्या संस्थेत शिकवायला गेले.

केर्तेस, ब्रासाय आणि बेर्को या हंगेरियन छायाचित्रकारांनी रोजच्या जगण्यातला ऊन-सावलीचा मेळ जगाला दाखवला. ती नजर आज आपल्याही कामाची आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या घराघरांत कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या यात्रेत बैलाच्या रंगवलेल्या शिंगावरचे कोवळे ऊन, दावे धरलेला शेतकऱ्याचा राठ हात जरूर टिपावा. गावाची आठवण अशा चित्रांतूनच मागे उरते.